पायपेटीची बाई

"एकच रविवार, पाळकसाहेब. आज मला खाली बसून गाऊ द्या."

चर्चच्या मागच्या खोलीत उपासनेचा झगा चढवता चढवता पाळकसाहेब हसले. वयाने तिच्या मुलाएवढे, पण कोपराला गूळ लावण्यात मुरलेले. "अहो पेटीबाई, आम्ही तोंडानं गातो, तुम्ही बोटांनी गाता. देवाला दोन्ही सारखंच."

"मला नाही ना सारखं. हे गेल्यापासून त्यांची जागा रिकामी दिसते. एकदा तिथं बसावं म्हणते."

"बसा की! उपासना संपल्यावर हवं तेवढं बसा."

"बिनपेटीचं गातील की लोक."

"गातील? पहिल्या कडव्याला सूर सोडतील, दुसऱ्याला घरचं जेवण आठवेल त्यांना. तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही, बाई."

मग ते पान एकदाचं गळून का पडत नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घंटा झाली आणि ती पायपेटीसमोर जाऊन बसली.

पायपेटी माणसाला हातापायांनी जुंपते. पायांनी भाता हलवत राहायचं, बोटांनी सूर धरायचे. पाय थांबले की पेटीचा जीव गेलाच. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनीच तिला इथे बसवलं होतं. "सेवा आहे, नाही म्हणू नये," म्हणाले, आणि त्या एका शब्दात ती जन्माची अडकली. नोकरी असती तर राजीनामा तरी देता आला असता. सेवेचा राजीनामा कुणाच्या हातात ठेवायचा?

नवरा तिसऱ्या बाकावर एकटाच बसायचा आणि छाती फुगवून बेसूर गायचा. "तुम्ही गायला लागलात की माझी पेटीसुद्धा दचकते," ती घरी चिडवायची. तो म्हणायचा, "अगं, पेटी असते कशाला? माझ्यासारख्याला तोंड उघडायचा धीर यावा म्हणूनच ना?"

त्याच्या अंत्यविधीलाही तीच वाजवत होती. डोळे भरून आले, कागदावरचे सूर दिसेनात, म्हणून तिने रडणं आवरलं. ते आवरलेलं रडू अजून आवरलेलंच होतं.

आज दानाची थैली बाकांवरून फिरत असताना तिने एक संथ चाल वाजवली. बरी जमली. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. पाळकसाहेबही हसत हसत टाळ्या वाजवत होते. म्हणजे इतका वेळ ही माणसं प्रार्थना सोडून तिला ऐकत बसली होती. धीर द्यायला ठेवलेल्या पेटीने त्यांची तोंडंच बंद केली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि रागही आला.

शेवटचं गीत सुरू झालं. पहिलं कडवं संपलं आणि तिने पाय उचलले.

पेटी कण्हली आणि गप्प झाली. माना वळल्या. पाळकसाहेबांनी भुवया उंचावल्या. गाणं क्षणभर लटपटलं. मग मागच्या बाकावरची एक म्हातारी खरखरीत आवाजात पुढे निघाली आणि तिच्यामागून सगळे. कुणी वर, कुणी खाली, पण गात होते.

ती उठली. तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. गायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

तिला शब्दच येत नव्हते. इतकी वर्षं तिने सूर वाचले होते, कडवी मोजली होती. शब्द नेहमी दुसऱ्यांच्या तोंडी होते.

शेजारच्या बाईने आपलं गीतपुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि ओळीखाली बोट ठेवलं. पहिलीतल्या मुलीसारखी ती एकेक शब्द लावत गाऊ लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला दोन्ही हात मोकळे होते, पण तिने पुसलं नाही. मंडळी पुढे गेली, ती मागे राहिली. सगळ्यांचं 'आमेन' म्हणून झालं, चर्च शांत झालं, आणि मग तिचं आलं. एकटीचं, उशिराचं, खणखणीत.