पाचवा ग्लास

हॉटेलातले सगळे तिला नाकवाली म्हणायचे. वाइनच्या खरेदीचं काम तिच्याकडे होतं आणि तिचं नाक असं तिखट, की मालकीणबाईंनी केसांना कुठलं तेल लावलंय हे ती जिन्यावरूनच ओळखते, अशी वेटरांची थट्टा चालायची. तीन आठवड्यांपूर्वी तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वासही घेऊन गेला. कॉफी नाही, साबण नाही, जळकं दूध नाही. हे फक्त तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं.

"सांगून टाक त्यांना," तो म्हणाला होता.

"आणि उद्यापासून घरी बसू?"

त्यात नेमकं आत्ताच मालकीणबाईंनी फर्मावलं, की बाटलीऐवजी ग्लासवर विकायला एक स्वस्त आणि मस्त फ्रेंच रेड वाइन शोध. कागदावरचं काम तिनं चोख केलं. बाटलीवरच्या नामांकित गावाच्या नावाचेच निम्मे पैसे असतात, हे तिला पाठ होतं. म्हणून तिनं त्या गावांच्या शेजारची, कुणी फारशी न ऐकलेली गावं धरली आणि पाच वाइनच्या दोन-दोन बाटल्या मागवल्या.

दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर तिघं टेबलाशी बसली: मालकीणबाई, शेफ आणि ती. ग्लास नाकाशी नेऊन ती डोळे मिटायची, पूर्वीसारखीच. पण आत नुसती थंड हवा जायची. मग पापण्यांच्या फटीतून ती शेफचा चेहरा वाचायची. त्याच्या भुवया वर गेल्या की "छान आहे", ओठ मुडपले की "नको". चार ग्लास असे निभावले.

पाचव्याला शेफ भांडी उचलणाऱ्याशी बोलायला वळला. आता आधार फक्त जिभेचा. आंबटपणा बेताचा, तुरटपणा मऊ, अंगाला भरीव. खरंच आवडली तिला.

"हीच घेऊ या," ती म्हणाली.

शेफनं ग्लास उचलला आणि लगेच खाली ठेवला. मालकीणबाईंनीही वास घेतला.

"ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारतोय," शेफ हळूच म्हणाला. "बूच खराब आहे. हे तुम्हाला कळलं नाही?"

तिनं ग्लास टेबलावर ठेवला.

"मला वासच येत नाही," ती म्हणाली. "तापापासून. काहीच येत नाही."

मालकीणबाईंनी त्याच वाइनची दुसरी बाटली उघडायला लावली. शेफनं हुंगली, घोट घेतला, पुन्हा घेतला.

"ही चांगली आहे," तो म्हणाला. "पाचांत हीच सरस."

"मग हीच ठेवू," मालकीणबाई म्हणाल्या. "पण तू माझ्यापासून लपवलंस, ते मला लागलं. उद्या डॉक्टरांकडे जा. तोवर वास शेफ घेईल, चव तू सांग. दोन महिने बघू. पुढचं मी आत्ता सांगू शकत नाही."

मागच्या दारात उभं राहून तिनं नवऱ्याला फोन लावला.

"सांगितलं," ती म्हणाली.

"काय म्हणाल्या?"

"दोन महिने." तिनं दाराला पाठ टेकली. "तू येशील का रे मला घ्यायला?"