खाणीत उतरायची वाट

रविवारी सकाळी सात वाजता अकरा माणसं पाठीवर हवेचे सिलिंडर आणि कमरेला शिशाचे पट्टे आवळून खाणीच्या उताराशी पोचली, तेव्हा वाटेच्या तोंडाशी नवंकोरं लोखंडी फाटक उभं होतं. फाटकाला कुलूप आणि फाटकाच्या आत खुर्ची टाकून, पायावर पाय घेऊन दादा बसलेला.

अकरा जणांच्या पुढे होती त्याची सख्खी धाकटी बहीण. वय बावन्न. सगळे तिला पाणबुडी म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं, तेही कौतुकानं नव्हे, हेटाळणीनं. तिनं ते उचलून सरळ दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं होतं. दुकानात ती सिलिंडरमध्ये हवा भरून द्यायची, रबरी सूट भाड्यानं द्यायची आणि नवख्यांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायची.

"दादा, हे काय?"

"फाटक."

"ते दिसतंय मला. किल्ली कुठाय?"

"खिशात. आणि राहील तिथंच."

"माणसं दोन दोन तास गाडी चालवून आलीत."

"मग परतीचा रस्ता माहीत असेल त्यांना," दादा म्हणाला आणि त्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं.

खाण दगडाची होती. पन्नासेक वर्षांपूर्वी तळाशी झरा फुटला, पंपांनी हात टेकले आणि महिनाभरात खाण काठोकाठ भरली. तळाशी एक क्रेन आणि एक ट्रक तसाच राहून गेला. पाणी काचेसारखं स्वच्छ, त्यामुळे ती क्रेन बघायला लांबून लोक येऊ लागले. पाण्याची मालकी नगरपालिकेची. पण तीन बाजूंना सरळसोट कडे, आणि चौथ्या बाजूचा एकुलता एक उतार जात होता वडिलांच्या जमिनीतून. वडील गेल्यावर जमीन दादाच्या नावावर झाली. आता एका हॉटेलवाल्या कंपनीला ती भाड्यानं हवी होती, पण एका अटीवर: वाटेवर बाहेरचं कुणी फिरकता कामा नये. पाण्यात उतरतील ते फक्त हॉटेलचे पाहुणे.

अकरा जण त्या दिवशी कोरडेच परतले. पाणबुडीनं दुसऱ्या दिवशी जमिनीच्या कचेरीत अर्ज ठोकला.

तिथल्या कारकुनानं तिला नियम सांगितला. "मालकाच्या परवानगीनं गेलात तर ती त्याची मेहेरबानी. आज दिली, उद्या काढून घेतली. पण परवानगी न मागता, दिवसाढवळ्या, सलग वीस वर्षं माणसं जात असली, तर वाट सगळ्यांची. मग फाटक लावता येत नाही."

"वीस कसली, चाळीस वर्षं जातायत."

"जातायत हो. परवानगीनं की परवानगीशिवाय, एवढंच सिद्ध करा."

पंधरा दिवसांनी दादाच्या वकिलाचं उत्तर आलं. दुकानात उभ्या उभ्याच तिनं ते वाचलं. 'माझे दिवंगत वडील मोठ्या मनाचे होते. पाण्यात उतरू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला ते आनंदाने परवानगी देत.' तिला हसू फुटलं. ते इतकं लांबलं की सिलिंडर घ्यायला आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी घाबरून तिला खुर्ची दिली. हे डॉक्टर खाणीत उतरणाऱ्या पहिल्या चौघांतले. आता सत्तरी ओलांडलेले, दवाखाना बंद केलेले, पण पाणी न सोडलेले.

"मोठ्या मनाचे!" ती म्हणाली. "डॉक्टर, तुम्हाला दिली होती का हो आनंदानं परवानगी?"

"मला?" डॉक्टर म्हणाले. "मला तुझ्या वडिलांनी काठी फेकून मारली होती. माझ्या चष्म्याची काच गेली."

वडील त्या खाणीवर मुकादम होते. खाण बुडाली तशी त्यांची नोकरीही बुडाली. जिथं आपण उमेदीची वर्षं धूळ खाल्ली, तिथं लोक मजा मारायला येतात हे त्यांना सहन व्हायचं नाही. पाण्याच्या दिशेनं चाललेला माणूस दिसला की त्यांचं तोंड सुटायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. याच्या पलीकडचं मात्र घरातल्या चौघांनाच पुरतं ठाऊक होतं, आणि चौघांनीही त्याबद्दल तोंडाला कुलूप घातलं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी दादा दुकानात आला. पाण्यानं भरलेल्या पिंपात दोन सिलिंडर उभे करून ती हवा भरत होती. कॉम्प्रेसरच्या धडधडीत त्याला ओरडून बोलावं लागलं.

"हॉटेलात मुख्य शिक्षिका तू! पक्की नोकरी. हे खोपटं बंद कर. फक्त या कागदावर सही दे, की बाबांनी परवानगी दिली होती."

तिनं हवेच्या दाबाच्या काट्यावरची नजर हलवली नाही. "आणि हे रविवारचे लोक?"

"ते तुझे कोण लागतात?"

"तू तरी कोण लागतोस, ते आज कळतंय."

दादानं पुढे होऊन कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. एकदम शांतता झाली. "उद्या आईला आणणार आहे मी," तो हळू आवाजात म्हणाला. "समोर बसवणार. तिच्या देखत बाबांबद्दल वेडंवाकडं बोलायची हिंमत असेल तर बोल."

"बटणाला पुन्हा हात लावलास तर बोटं मोडीन," ती म्हणाली आणि तिनं कॉम्प्रेसर सुरू केला.

सुनावणी कचेरीतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत होती. लांब टेबल, डगमगत्या खुर्च्या, कोपऱ्यात फायलींची उतरंड. टेबलामागे अधिकारी बाई. एका बाजूला दादा, वहिनी, वकील आणि त्यांच्यामध्ये शाल गुंडाळून बसलेली आई. वय एकोणऐंशी, कान तिखट, पाठ ताठ. दुसऱ्या बाजूला पाणबुडी आणि डॉक्टर. मागे भिंतीशी रविवारची मंडळी उभी होती.

वकिलानं सुरुवात झोकात केली. "दिवंगत गृहस्थ अत्यंत उदार. येईल त्याला हसतमुखानं जा म्हणायचे."

मागे कुणाला तरी ठसका लागला.

"तुमचं काय म्हणणं?" अधिकारी बाईंनी पाणबुडीला विचारलं.

ती उठली. आईकडे न बघता बोलायचं असं तिनं घरून ठरवून आणलं होतं. "माझे वडील हसायचे नाहीत. परवानगीचं तर नावच नको. येणाऱ्याला शिव्या द्यायचे, दगड मारायचे. एकदा साखळी लावली, ती त्याच सकाळी लोकांनी तोडली. पुन्हा लावली नाही."

वकिलाचा चेहरा उजळला. त्यानं तिथल्या तिथे कूस बदलली. "म्हणजे मालक अडवत होता! मग सलग वापर कसला? वाट तर बंदच होती म्हणायची."

"अडवत होते. पण अडलं कुणी नाही. एक दिवससुद्धा."

"पुरावा?"

आता तिनं आईकडे पाहिलं. आईनं नजर वळवली नाही. पापणीही हलवली नाही. डोळ्यांतून सरळ सांगत होती, गप्प बस.

"मी सतराची होते," पाणबुडी म्हणाली. "चोरून पोहायला शिकत होते, या डॉक्टरांच्याच गटात. वडिलांना लागला पत्ता. एके सकाळी त्यांनी उताराच्या दगडी पायऱ्यांवर जळकं इंजिन ऑइल ओतलं. सगळे पडावेत म्हणून. पहिली पडले मी. मनगटाची दोन हाडं मोडली. घरच्यांनी बजावलं, सायकलवरून पडले म्हण. पस्तीस वर्षं मी तेच सांगत आले." तिनं उजवा हात पुढे केला आणि तळवा वर करायचा प्रयत्न केला. हात अर्ध्यात अडला.

"हाड कशानंही मोडतं," वकील म्हणाला.

"खोटं आहे," आईचा आवाज आला. खणखणीत, टेबलाच्या पार पलीकडे पोचेल असा. "सायकलवरूनच पडली होती. लहानपणापासून खोटारडी आहे ती."

वडिलांचा मार पाणबुडीनं सोसला होता, दादाचं फाटकही. हे तिच्या हिशेबात नव्हतं. ती मटकन खुर्चीत बसली.

मग डॉक्टर उठले. हातातल्या पिशवीतून त्यांनी एक फुगलेली, पाणी लागून कडा वाकड्या झालेली वही काढली. पाण्यात उतरणारा प्रत्येक जण अशी वही ठेवतो: किती खोल गेलो, किती मिनिटं, पाणी किती गार. डॉक्टरांनी पान उघडून वही टेबलावर ठेवली.

अधिकारी बाईंनी मोठ्यानं वाचलं. "'खोली बावीस मीटर. एकतीस मिनिटे. पायऱ्यांवर तेल टाकलेले. मुकादमाची मुलगी पडली, हात मोडला असावा, दोघांनी तिला दवाखान्यात नेले. उरलेल्यांनी वाळू पसरली आणि उतरलो.'" त्यांनी पान उलटलं. "पुढच्याच रविवारची नोंद आहे. त्याच्या पुढच्याही."

"अशा आठ वह्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "खाली गाडीत ठेवल्यात."

अधिकारी बाई दादाकडे वळल्या. "तुम्ही तेव्हा घरात होता?"

दादानं आईकडे पाहिलं. "आठवत नाही."

"ऑइलचा डबा तूच धरला होतास, दादा," पाणबुडी बसल्या जागेवरून म्हणाली. "मी पडले तेव्हा तू हसलास. मग माझा हात बघितलास आणि पळून गेलास. आठवत नाही म्हणे."

वहिनीनं दादाकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची तसूभर बाजूला सरकवली. वकील कागद नीट करत राहिला.

पाच आठवड्यांनी निकाल आला. उतारावरची चार फूट रुंदीची वाट सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सगळ्यांना खुली. फाटक आठवड्यात काढावं. हॉटेलवाल्या कंपनीनं त्याच संध्याकाळी दादाला कळवलं, की आता जमिनीत रस नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी पाणबुडी दादाच्या घरी गेली. आईच्या गुडघ्याचं औषध दर महिन्याला तीच न्यायची. वहिनीनं दार अर्धंच उघडलं, बाटली घेतली आणि आत बोलावलं नाही. तरी ती उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"आई, तू मला सगळ्यांदेखत खोटं पाडलंस."

"आणि तू?" आतून आवाज आला. "मेलेल्या माणसाला चारचौघांत नागवं केलंस."

"तेल ओतलं होतं की नव्हतं? एवढंच सांग."

आई म्हणाली, "ओतलं होतं. फडकं घेऊन पुसायला मीच गेले होते, पण तू आधीच पोचलीस. काय करू मग? मी चाळीस वर्षं त्याच्याबरोबर काढली, ती फुकट गेली म्हणू? तुझं बरं होतं. तू पाण्याखाली जाऊन बसायचीस. मी कुठं जायचं होतं?"

मग आईच पुढे म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून औषध दुसरं कुणीतरी आणेल. जा."

वहिनीनं दार लावून घेतलं.

फाटक निघालं. पण दादानं वाटेच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या विटांच्या भिंती बांधायला घेतल्या. कामावर स्वतः उभा राहिला. तिसऱ्या रविवारी भिंती पुऱ्या झाल्या आणि मंडळी एकामागे एक, खांदे चोरत त्यांच्यामधून निघाली. वळणावर डॉक्टरांचा सिलिंडर विटांना घासला.

पाणबुडी थांबली. तिनं पाठीवरचं ओझं उतरवलं, पिशवीतून मोजायची पट्टी काढली आणि वळणावर आडवी धरली. तीन फूट आठ इंच. तिनं दुसऱ्यांदा मोजलं.

"चार इंच कमी आहे," तिनं भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या दादाला ऐकवलं.

"चार इंचांसाठी आता पुन्हा कचेरीत जाणार आहेस?"

"उद्या दहा वाजता."

डॉक्टर मध्ये पडले. "अगं, जाऊ दे. जिंकलीस ना? घासून जाऊ आम्ही."

"तुम्ही जाल, डॉक्टर. पुढच्या वर्षी हा आणखी चार इंच आत येईल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती खरोखरच कचेरीच्या दारात उभी होती.

महिन्यानंतरच्या रविवारी सकाळी गवंडी वळणावरची भिंत फोडत होता. दादा बाजूला उभा राहून प्रत्येक वीट मोजावी तसं बघत होता. वाटेलगतच्या त्याच्या घराच्या वरच्या खिडकीत आई होती. पाणबुडीनं वर पाहिलं तशी आईनं खिडकी ओढून घेतली, पण कडी लावल्याचा आवाज आला नाही.

मंडळी पुढे गेली. पाणबुडीनं पट्टा आवळला, विटांच्या ढिगावरून पाय टाकला आणि तीही निघाली.

"बुडून मर," दादा मागून म्हणाला.

"साडेनऊला वर येईन," ती न वळता म्हणाली. "तोवर हा ढीग वाटेतून उचललेला असू दे."