एका ओळीचा गोषवारा

"फोडलं बाबा पत्रांचं पाचवं पोतं!" शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक शिंकत शिंकत म्हणाला. "देश घडवायचा म्हणजे आधी धूळ खायची, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

कारकून हसला आणि पुढचं पाकीट उघडलं.

देश स्वतंत्र होऊन दीड वर्ष झालं होतं. राज्यघटना सगळ्यांची व्हावी म्हणून तिचा मसुदा छापून गावोगावी पाठवला होता आणि लोकांची मतं मागवली होती. लोकांनीही ते भलतंच मनावर घेतलं! कुणाला झेंड्याचा रंग गडद हवा होता, कुणाला डुलक्या काढणारे न्यायाधीश नको होते, तर एकाने शेजाऱ्याच्या शेळीसाठी वेगळं कलमच लिहून पाठवलं होतं. प्रत्येक पत्र वाचून कारकुनाने त्याचा एका ओळीत गोषवारा लिहायचा. पत्र सर्वांच्या भल्याचं असेल तर त्यावर 'सूचना' असा शिक्का मारायचा, मग ते मसुदा समितीपुढे जाई. नुसतं स्वतःचं रडगाणं असेल तर 'खाजगी'. ते गठ्ठ्यात बांधून तळघरात. दोन हजार पत्रं त्याच्या हातून गेली होती, आणि साहेबांना त्याचा एकही शिक्का बदलावा लागला नव्हता.

पाकिटातला कागद उलगडला. अक्षर ताईचं होतं. लहानपणी त्याचा हात धरून ज्या हाताने अक्षरं गिरवून घेतली, त्याच हाताचं.

'मुलीला बापाच्या घरात राहण्याचा हक्क असावा. तिचं लग्न झालेलं असो, नसो किंवा मोडलेलं असो. भाऊ चांगला असला तरीही असावा.'

बस्, एवढंच. खाली माहेरचं नाव आणि पत्ता, लाँड्रीच्या मागची खोली.

लग्न मोडून ताई माहेरी आली, त्यानंतर बारा वर्षं तिने वडिलांचं सगळं केलं. अंथरुणातलंसुद्धा. वडील गेले आणि घर कारकुनाच्या नावावर झालं. मग मुली मोठ्या होताहेत, त्यांना अभ्यासाला खोली हवी, असं बायको म्हणू लागली. ताईला जा असं कुणीच म्हणालं नाही. एके दिवशी तिची ट्रंक तेवढी बाहेर व्हरांड्यात ठेवली गेली. ठेवली त्यानेच. ताई संध्याकाळी आली, ट्रंकेकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

कारकुनाने टाक उचलला. 'मुलींना पित्याच्या घरी राहण्याचा हक्क.' लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण चोराच्या मनात चांदणं! पत्र समितीपुढे जाणार, साहेब आडनाव वाचणार, विचारणार, 'ही तुमची कोण हो?' मग काय सांगायचं?

"अडलं का काही?" साहेब मागून येत म्हणाले.

"नाही साहेब. खाजगी आहे."

"मग बांधा की गठ्ठ्यात. बघत काय बसलात?"

त्याने शिक्का मारला. पत्रात ताईने स्वतःबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिने ते देशातल्या सगळ्या मुलींसाठी लिहिलं होतं. त्यात खाजगी काय आहे, हे त्या कचेरीत फक्त याला ठाऊक होतं.

तो गठ्ठा चार दिवस त्याच्या टेबलाखाली पडून होता. पाय लांब केला की पायाला लागायचा. वाकून पत्र काढायचं आणि दुसरा शिक्का मारायचा, कुणी हटकलंही नसतं. रोज सकाळी तो ठरवून यायचा आणि रोज संध्याकाळी तसाच घरी जायचा. पाचव्या दिवशी शिपायाने गठ्ठा खाली नेला, तेव्हा त्याला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्याला पुढे जास्त लाज वाटत राहिली.

"मी एक पत्र टाकलं होतं रे तुमच्या कचेरीत," महिन्याभराने रस्त्यात भेटल्यावर ताई म्हणाली. "पोचलं असेल ना?"

"अगं, पोत्यांनी पत्रं येतात," तो म्हणाला. "कुणाचं कुठे जातं, देव जाणे."

आठ महिन्यांनी घटना मंजूर झाली. कचेरीतल्या प्रत्येकाला एकेक प्रत मिळाली. कारकून ती घेऊन ताईच्या खोलीवर गेला. का गेला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. ताई शिलाई मशीनवर बसली होती.

"अगंबाई, केवढं जाड!" ती हरखून म्हणाली. "तूच वाच बाबा. बारीक अक्षर दिसत नाही आता. हक्कांचं आधी वाच."

तो वाचू लागला. बोलण्याचा हक्क, संचाराचा हक्क, पूजेचा हक्क. दर कलमाला ती मशीन थांबवून ऐके, मान हलवी आणि पुन्हा पायडल मारी. "आता येईल बघ," ती एकदा म्हणालीसुद्धा. हक्कांचं प्रकरण संपलं.

"नाही आलं," ताई म्हणाली. थोडा वेळ ती कापडाची दुमड सारखी करत राहिली. "जाऊ दे. तिथे मोठी शिकलेली माणसं. मलाच धड मांडता आलं नसेल. काहीतरी खरडलं आपलं..."

"नाही गं ताई, चांगलं लिहिलं होतंस! एक शब्द कमी-जास्त नव्हता."

बोलून गेला आणि जीभ चावली. ताईने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"म्हणजे पोचलं होतं."

"हो."

"तुझ्याच हातात आलं?"

"हो."

"पुढे पाठवलंस?"

त्याने मान खाली घातली. तिने 'का?' म्हणून विचारावं, शिव्या द्याव्यात, निदान रडावं तरी, असं त्याला फार वाटत होतं. ताईने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला.

"वाच ना पुढचं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी काय काय मागितलं होतं, ते तरी कळू दे."

त्याने पान उलटलं आणि वाचायला सुरुवात केली.