एकादशीची भाकरी

लेकीला, मनवाला, सलाइन लावायची पाळी आली, त्या दिवसापासून अंबिकेच्या मनात सासऱ्यांविषयी निखारा धुमसत होता.

गेल्या नवरात्रात पोरीने नऊ दिवस कडक उपास केला. सासऱ्यांनी, विष्णुपंतांनी, केडगावच्या कॉलनीत चारचौघांसमोर तिला श्रीफळ दिलं. "पंधराव्या वर्षी एवढा संयम! नाहीतर आमच्या सूनबाई. चतुर्थीलाही घास सुटत नाही." लोक हसले. पोर मात्र नंतर जेवेचना. रोज नवा वार, नवा उपास. आणि आजोबांची कौतुकाची मान डोलतेच आहे.

शेवटी नगरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हा आजार आहे, हट्ट नव्हे. काय आणि किती खायचं ते आता आईवडील ठरवतील. सगळे एकत्र जेवा. तिचं ताट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. घरात उपास बंद."

आज एकादशी. अंबिकेने चार ताटं वाढली. भाकरी, वरण, तूप, बटाट्याची भाजी. चौथं सासऱ्यांपुढे सरकवलं.

"अगं, छप्पन्न वर्षांत मोडली नाही मी!"

"ठाऊक आहे, बाबा."

"हर्षल, बायकोला सांग काहीतरी."

हर्षलने मान वर केली नाही. "जेवा, बाबा."

मनवाने ताट लोटलं. "आजोबा खात नाहीत, मग मी का?"

अंबिका गोड हसली. "ऐकलंत? शिष्या तुमचीच."

विष्णुपंतांनी नातीकडे पाहिलं. तिची बांगडी कोपरापर्यंत चढली होती. त्यांनी घास उचलला, डोळे मिटून गिळला. गालावरून पाणी ओघळलं. अंबिकेला कणभर दया आली नाही. श्रीफळ देतानाचं ते हसू तिला आठवत होतं.

"आता तू," ती मनवाला म्हणाली.

मनवाने रडत, शिव्या देत एक घास खाल्ला. मग आजोबांनी एक. असं पावणेदोन तास चाललं. वरणावर साय धरली. विष्णुपंत उठू लागले.

"बसा. तिची चतकोर राहिलीय."

"माझं संपलं गं!"

"खोटं!" मनवा एकदम म्हणाली. ही लबाडी तिला तोंडपाठ होती. "आई, वाटीखाली बघ. तुकडा लपवलाय."

अंबिकेने वाटी उचलली. तुकड्यावर तूप वाढलं.

"खा, बाबा. ती बघतेय."

त्यांनी खाल्ला. मग मनवाने आपली चतकोर, एकेक घास करत.