तीस आकडे

"हात सोड, आये. ओटा धरून उभी राहिलीस तर तोल कसला सांभाळशील?"

रत्नप्रभाने हात सोडला आणि उजवा पाय उचलला. चंद्रप्रकाश गालावरचा दाढीचा साबण तसाच ठेवून मोजू लागला. सातावर तिने पुन्हा ओटा धरला.

"हरकत नाही. उद्या दहा."

गणपतीनंतर ती मोरीत घसरली होती. मनगट मोडलं. प्लॅस्टर काढल्यावर इस्पितळातल्या बाईने तीन व्यायाम शिकवले. एका पायावर उभं राहायचं, पावलापुढे पाऊल चिकटवत लादीच्या रेघेवरून चालायचं, हात न टेकता खुर्चीतून उठायचं. रत्नप्रभाने ते मनावर घेतलं, कारण वरच्या मजल्यावरची शांताबाई दुसऱ्यांदा पडली तेव्हा मुलाने तिला गावी पोचवलं होतं. पुन्हा पडलो तर आपलीही तीच गत, हे तिने पुरतं ओळखलं होतं. घाटकोपरच्या या दोन खोल्यांतच तिला मरायचं होतं.

वीस वर्षं तिने खाणावळीची जेवणं रांधून या मुलाला शिकवलं. तेव्हा ती किती तास पायांवर उभी असे, ते कोणी मोजलं नाही. आता तो मोजत होता आणि त्या वेडीला त्याचं अप्रूप वाटत होतं.

माघात तीस झाले.

"झकास! आता विहिरीचं पाणीसुद्धा काढशील."

"हय खंय विहीर इली?" ती हसली.

"गावची गं. काका गेल्यापासून घर बंद. देवापुढे दिवा नाही, भावकी तोंडावर बोलते. मी नोकरी सोडून जाऊ की वनमाला सोडेल? तुझा तोल सावरायचीच वाट बघत होतो."

रात्रभर रत्नप्रभाला स्वतःचाच राग येत राहिला. चार महिने घाम गाळून तिने स्वतःच्याच पाठवणीची तयारी केली होती.

सकाळी चंद्रप्रकाशने बायकोला हाक मारली. "वनमाला, ये, बघ तरी. आये, दाखव हिला."

आज पडायचं, तिने ठरवलं. हाड मोडलं तर मोडू दे. तिने पाय उचलला. अठरावर अंग मुद्दाम सैल सोडलं, बाजूला झुकली. पण खालचं पाऊल आपोआप लादीवर घट्ट रोवलं गेलं, कंबर सरळ झाली. मेला पाय तिचं ऐकेना.

"एकोणतीस, तीस! बघितलंस?" चंद्रप्रकाश वनमालाला म्हणाला. "उगाच काळजी करत होतीस."

"पण आई, तिथे एकट्या..." वनमालाने पुढचं गिळलं.

रत्नप्रभाने पाय सावकाश खाली ठेवला.

"एसटी किती वाजता आसा?"

"परवा, पहाटे पाचची," तो म्हणाला आणि त्याने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.