पाहुण्यांच्या खांद्यावरची पोन्नाडै

मित्रांनो, लांबून माझी चमक बघून भुलू नका. मी एक जुनी पोन्नाडै आहे. पोन्नाडै म्हणजे सत्काराची शाल. चेन्नईत कुणाचा मान राखायचा तर ती खांद्यावर घालावीच लागते. कांचीपुरमचं रेशीम म्हणून मला मिरवलं, पण माझा जन्म यंत्रमागावरचा आणि माझी जर प्लॅस्टिकची. मी ते लपवत नाही. लपवालपवी आमच्या ऑफिसातले साहेब करतात.

आमचं ऑफिस परदेशी कंपन्यांना इथे कारखाने काढायला बोलावतं. बोलावतं म्हणजे काय, तर हार, शाल, फोटो आणि भाषण! पाहुणे हसत हसत मला पांघरायचे आणि जाताना हॉटेलच्या खुर्चीवर टाकून द्यायचे. मग जयवंतीबाई मला घेऊन यायच्या आणि इस्त्री करून पुढच्या पाहुण्यासाठी डब्यात ठेवायच्या. त्या आमच्या ऑफिसातल्या कारकून, मैलापूरच्या तंजावर मराठी घरातल्या. कुठकुठल्या देशांचा घाम मी टिपला! कारखाने किती उभे राहिले, ते मात्र विचारू नका. साहेबांना वाटायचं, माझ्या झगमगाटाला भुलून अख्खं जग इकडे धावत सुटलंय. वा रे शहाणे!

गेल्या वर्षी पंप बनवणाऱ्या एका डॅनिश कंपनीशी करार व्हायचा होता. जयवंतीबाईंची मुलगी कीर्तना इंजिनीअर, त्याच कंपनीच्या इथल्या छोट्याशा ऑफिसात. कारखाना चेन्नईत झाला तर तिची नोकरी इथेच पक्की, नाहीतर ते ऑफिसच बंद होणार. घरात मायलेकी दोघीच. म्हणून त्या दिवशी बाईंनी माझी एक सुरकुती ठेवली नाही.

शुक्रवार होता. सह्या दहाला ठरलेल्या. मोठे साहेब उगवले साडेदहाला आणि नेमका तेव्हाच राहुकाळ लागला. राहुकाळात आमच्याकडे कुणी नवी स्कूटरही घरी आणत नाही, मग करारावर सही कोण करणार? साहेब म्हणाले, "बारापर्यंत थांबू. तोवर सत्कार चालू दे."

कंपनीच्या मॅडमनी विचारलं, "जागेवर वीज कधी मिळेल?"

"मिळेल, मिळेल! मॅडम, आधी शाल."

"पावसात तिथे तुमच्या वेलचेरी भागासारखं पाणी भरतं का?"

"मॅडम, जरा इकडे बघा. हं, फोटो!"

फोटो हलला म्हणून मला काढून पुन्हा घातलं. मग धाकट्या साहेबांना स्वतःचा वेगळा फोटो हवा झाला. माझी जर टोचून मॅडमच्या मानेवर लाल वळ उठले. मला लाज वाटली. साहेबांना कसली वाटतेय!

न राहवून जयवंतीबाई पुढे झाल्या. "सर, त्या विजेचं विचारतायत."

"जयवंती, कॉफी आणा."

मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांचं विमान होतं. त्यांनी मला नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेल्या. बाराच्या ठोक्याला मोठ्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. समोर मी एकटीच बसले होते.

कारखाना व्हिएतनामला गेला. कंपनीने कीर्तनालाही तिकडेच बोलावलं. आमच्या साहेबांनी बैठक घेऊन कारण शोधून काढलं: शाल जुनाट दिसते, पुढच्या वेळी अस्सल रेशीम आणा. धन्य त्यांची!

मला टाकूनच देणार होते, पण जयवंतीबाईंनी घरी नेलं. विमानतळावर कीर्तना म्हणाली, "अम्मा, तू पण चल ना गं."

"अय्यो, मी कशी येऊ? सोमवारी कोरियाचे पाहुणे यायचेत."

आता रोज फोनच्या पडद्यावर बाई विचारतात, "जेवलीस का?" पोर हो म्हणते. फोन बंद झाला की बाई मला पांघरून बसतात आणि माझ्याच पदराने डोळे पुसतात.

मित्रांनो, पाहुण्याचा मान जरूर राखा, पण त्याने विचारलेल्याचं उत्तर आधी द्या. आमच्या साहेबांना एवढं जमलं असतं, तर जयवंतीबाईंची लेक आज फोनमध्ये नाही, घरात असती.