छत पडले, वाचन चालू राहिले

मी एक जुने, लांबलचक टेबल आहे. मित्रांनो, सार्वजनिक वाचनालयाच्या मोठ्या खोलीत खिडकीलगत मी ऐटीत उभे आहे. माझ्या पाठीवर शाईचे डाग आहेत आणि एका बाजूचा रंग उन्हाने पार उडाला आहे. त्या उडालेल्या रंगाची मला लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. का, ते ऐका.

दोघा सुतार भावांनी मला याच खोलीसाठी घडवले. धाकटा म्हणाला, "एवढं मोठं कशाला? येऊन येऊन चार माणसं येणार."

थोरला रंधा मारता मारता म्हणाला, "चौघांपुरतं केलं, तर चौघंच येतील."

थोरल्याचे खरे ठरले. माझ्याभोवती गर्दी होऊ लागली. निवृत्त बसचालक रोज वर्तमानपत्र वाचायला येत. त्यांचा आवाज इतका मोठा, की सगळे त्यांना हॉर्नकाका म्हणत. ग्रंथपाल बाई ओठांवर बोट ठेवून थकल्या, पण काकांचा आवाज काही खाली येईना.

मग आल्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. त्या लेकीला गोष्टीची पुस्तके न्यायला घेऊन येत आणि स्वतः नुसत्या बसून राहत. एकदा ग्रंथपाल बाईंनी त्यांच्यापुढे एक मासिक सरकवले. "तुम्हीही वाचा की."

"माझी शाळा सुटून जमाना झाला, बाई."

"पुस्तकं कुठं विचारतात, शाळा कधी सुटली ते?"

मावशी ओळीवर बोट ठेवून, अडखळत वाचू लागल्या. हळूहळू बोट सुटले. एक दिवस त्या दहावीची पुस्तके घेऊनच आल्या. घरी एकच खोली, त्यात दिवसभर मशीनची खडखड. अभ्यासाला त्यांना माझ्याशिवाय दुसरी जागा नव्हती.

परीक्षा जवळ आली असतानाच छताचा एक मोठा तुकडा कोसळला. सुदैवाने खोलीत कोणी नव्हते. नगरपालिकेच्या कचेरीने दाराला कुलूप घातले, पुस्तके गोदामात हलवली आणि मला बाहेर अंगणात टाकून दिले. दुरुस्तीचे कोणी नावही काढेना. माझ्यावर धूळ साचली, पाखरांनी घाण केली. मित्रांनो, आता आपण सरपण होणार, असेच मला वाटले होते.

एका सकाळी मावशी आल्या. त्यांनी कुलपाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. पिशवीतून कापडाच्या चिंध्या काढून त्यांनी मला लख्ख पुसले, घरून आणलेले स्टूल ओढले आणि त्या गणिते सोडवायला बसल्या.

हॉर्नकाका वाटेवरून जात होते. "अहो, इथं उन्हात?"

"टेबल आहे, मी आहे. अडलंय कुठं?"

काका वर्तमानपत्र घेऊन आले. कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याने वर ताडपत्री बांधली, तरी माझी एक बाजू उन्हातच राहिली. लोकांनी घरातली पुस्तके आणली, ग्रंथपाल बाईंनी गोदामातून टोपल्या भरभरून आणल्या. शेजारच्या आजी रोज नातवंडांना घेऊन येऊ लागल्या. अंगण भरून गेले.

आणि मग कचेरीतले साहेब आले. "हे कोणाच्या परवानगीनं चाललंय?" त्यांनी दरडावून विचारले.

हॉर्नकाकांनी ओठांवर बोट ठेवले आणि ते जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "जरा हळू, साहेब. लोक वाचताहेत."

साहेबांचा आवाज नकळत उतरला. "पण वाचनालयात कोणी येत नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. म्हणून तर दुरुस्ती अडली."

मावशी उठून उभ्या राहिल्या. त्यांनी हात माझ्यावर टेकवला. त्या ठामपणे म्हणाल्या, "साहेब, छत पडलं. आमचं वाचन नाही पडलं. बसा आणि स्वतःच बघा."

साहेबांना बसायला जागाच नव्हती. ते बराच वेळ उभे राहून बघत होते. आजी चष्मा पुसून नातवंडांना गोष्ट वाचून दाखवत होत्या. साहेब जाताना एवढेच म्हणाले, "ताडपत्री घट्ट बांधा. गवंडी येईपर्यंत टिकली पाहिजे."

गवंडी आले. छत नवे झाले. तोवर मावशी परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. उद्घाटनाला साहेबांनी फीत कापायची कात्री त्यांच्याच हाती दिली. मावशींनी ती बोटाने चाचपली. "हिला धारच नाही हो," म्हणत पिशवीतून स्वतःची कात्री काढली आणि एका फटक्यात फीत कापली. हास्याच्या आणि टाळ्यांच्या गजरात लोकांनी मला खांद्यावर घेऊन आत खिडकीशी नेले. इतक्या जणांनी हात लावला, की मला माझे वजनच जाणवले नाही.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावर नावे कोरू नका, पुस्तकांची पाने फाडू नका. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. तिथे जाऊन बसा. जाताना शेजारच्यालाही घेऊन जा. आम्ही टिकतो ते पॉलिशने नव्हे, तुमच्या कोपरांच्या घासण्याने.